अटॅकनंतरची कोणती गोळी कुठवर घ्यायची, ते कार्डावर मराठीत लिहा

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि नागपूर, अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर इथले सर्व हृदयरोगतज्ज्ञ

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं मेडिकल आहे. मोठ्या शहरात हार्ट अटॅकवर उपचार होऊन सुट्टी झालेला माणूस गावी परतला की आठ-पंधरा दिवसांत त्याची प्लास्टिकची पिशवी माझ्या काउंटरवर येते. पिशवीत फाईल, अँजिओग्राफीची सीडी, बिलं आणि सुट्टीचं कार्ड. कार्डावर पुष्कळ काही असतं. कोणत्या नसेत किती टक्के ब्लॉकेज होतं, स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीदार स्प्रिंग) किती मिलीमीटरचा टाकला, हार्टचं पंपिंग किती उरलं, सगळं इंग्रजीत नीट टाइप केलेलं. खाली सहा-सात औषधांची नावं, पंधरा दिवसांनी दाखवायला या, आणि हीच औषधं चालू ठेवा. कुठवर चालू ठेवा, ते नसतं. हे पत्र त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

पत्र दोघांना लिहितो, कारण ही जागा भरायची कुणी यावर तुमच्यात एकमत दिसत नाही. तज्ज्ञ म्हणतात, पेशंट फॉलोअपला येतच नाही. शासन म्हणतं, औषध लिहिणं हे डॉक्टरांचं काम. आणि पेशंट माझ्याकडे येऊन विचारतो, "भाऊ, आता तं बरं वाट्टे, मंग ह्या गोया अजून कायले खाच्या?" मी फार्मासिस्ट आहे. गोळी कशाची ते सांगू शकतो, किती वर्षं घ्यायची ते ठरवणं माझ्या अधिकारात नाही आणि नसावंही.

अटॅकनंतरच्या गोळ्यांची मुदत एकसारखी नसते. तज्ज्ञांना हे सांगायची गरज नाही. फाईलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि पेशंटच्या घरच्यांसाठी लिहितो. अ‍ॅस्पिरिन ७५ मिलीग्रॅम, ज्याला गावात सगळे इकोस्प्रिन म्हणतात, ती सहसा जन्मभराची. तिच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी असते, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रासुग्रेल. ती बहुतेकांना साधारण १२ महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ती आधी थांबवतात, काहींना पुढेही चालू ठेवतात. कोलेस्टेरॉलची गोळी, अटोर्वास्टॅटिन ४० किंवा ८०, नाही तर रोसुवास्टॅटिन, ही पुन्हा जन्मभराची. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती बंद करायची नसते. रिपोर्ट चांगला येतो तो तिच्यामुळेच. बीपी आणि हृदयावरचा ताण कमी करणारी रामिप्रिल, किंवा त्यानं खोकला झाला तर टेल्मिसार्टन, हिची मुदत बीपी, शुगर आणि पंपिंग पाहून ठरते. पित्ताची पॅन्टोप्राझोल मुख्यतः दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोबत चालू असतील तोवर. ती का दिली हे न सांगितल्यामुळे लोक तिला 'साधी गॅसची गोळी' समजून सगळ्यात आधी सोडतात, किंवा उलट सगळं बंद करून तेवढी एकच घेत राहतात.

मेटोप्रोलॉलचं, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळीचं प्रकरण तर तज्ज्ञांमध्येच अजून पूर्ण मिटलेलं नाही. पंपिंग कमी झालं असेल तर ती गोळी लांब पल्ल्याची, यावर वाद नाही. पण मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या रिड्यूस-एएमआय नावाच्या अभ्यासात, पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून चांगलं असलेल्या ५,०२० रुग्णांत, अशा गोळीनं मृत्यू किंवा दुसरा अटॅक कमी झालेला दिसला नाही. म्हणजे काही पेशंटच्या बाबतीत ती पुढे चालू ठेवायची का, हा विचार वर्षभरानं तरी कुणीतरी करायला हवा. करणार कोण? आमच्याकडे २०१९ सालचं कार्ड दाखवून तीच गोळी नेणारे लोक आहेत. आणि पैसे नाहीत म्हणून तीच गोळी एका दिवसात सोडणारेही आहेत. अचानक सोडली की छातीतली धडधड वाढते, दुखणं उसळू शकतं. ती हळूहळू कमी करायची असते, हेही कार्डावर नसतं.

आता खरी अडचण सांगतो. तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये येतात: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्वास्टॅटिन. पेशंटला सोपं, एक गोळी गिळली की झालं, म्हणून बरेच डॉक्टर तीच लिहितात. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण या तिघींपैकी दोघी जन्मभराच्या आणि एक साधारण वर्षाची. वर्ष झालं की काय होतं? सुट्टीच्या वेळी सिस्टरबाईंनी सांगितलेलं 'एक वर्ष' एवढंच घरच्यांच्या लक्षात असतं, आणि ते अख्खी कॅप्सूल बंद करतात. क्लोपिडोग्रेलबरोबर अ‍ॅस्पिरिनही गेली, कोलेस्टेरॉलची गोळीही गेली. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं अगदी हेच केलं. वर्षाच्या तारखेला पूजा घातली, गोळ्या बंद केल्या, आणि आम्हाला आनंदानं पेढे दिले. शिस्तीचा माणूस, वर्षभरात एक दिवस चुकला नव्हता. त्याला अडाणी कसं म्हणायचं? जेवढं सांगितलं होतं तेवढं त्यानं तंतोतंत पाळलं. दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत की ज्यांची ती कॅप्सूल पाच-पाच वर्षं चालू आहे, हिरड्यांतून रक्त येतं, जरा लागलं की मोठा काळा-निळा डाग पडतो, शौच काळी होते, तरी बंद करायचं धाडस होत नाही, कारण 'बंद केली तर स्प्रिंग बुजते' हे त्यांनी ऐकलेलं असतं. तेही ऐकलेलं खोटं नाही. स्टेंट टाकल्यावर पहिल्या काही महिन्यांत, त्यातही पहिल्या महिन्यात, दोन्ही गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. पहिल्या महिन्यातलं सत्य पाचव्या वर्षीही तसंच लागू होतं का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, इतकंच.

मी जोडगोळ्यांच्या विरोधात नाही. मुदत सारखी असलेली औषधं एकत्र आणली तर उपयोगच होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिक्युअर अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्या २,४९९ रुग्णांपैकी अर्ध्यांना अ‍ॅस्पिरिन, रामिप्रिल आणि अटोर्वास्टॅटिन एकाच गोळीत दिली. त्या गटात पुढचे गंभीर प्रसंग ९.५ टक्के झाले, वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्यांत १२.७ टक्के. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं अशा गोळीला आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. त्या गोळीत क्लोपिडोग्रेल नाही, हे लक्षात घ्या. वर्षाची गोळी वर्षाच्या वेगळ्या पत्त्यात (स्ट्रिपमध्ये) ठेवा आणि जन्मभराच्या गोळ्या हव्या तर एकत्र बांधा. एवढा साधा नियम तज्ज्ञांच्या संघटनेनं स्वतःला घालून घेतला तरी माझ्या काउंटरवरचा निम्मा गोंधळ मिटेल.

राहिलेला निम्मा गोंधळ गावाचा आहे. तो नागपूरच्या ओपीडीत बसून दिसत नाही, म्हणून थोडा सविस्तर लिहितो.

गोळ्यांचे पत्ते सारख्या संख्येचे नसतात. कुणाचा पत्ता १० चा, कुणाचा १४ चा, कुणाचा १५ चा. महिन्याचं औषध एकदम घेतलं तरी सगळं एका दिवशी संपत नाही. जी गोळी आधी संपते ती पुढच्या बाजारापर्यंत राहते, बाजार पावसात बुडाला तर त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत. त्यात महिन्याचं औषध एकदम घेणारे किती? 'पाच-पाच दे' असं म्हणणारेच जास्त. पैसा हातात येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाचा चुकारा झाल्यावर. जून ते सप्टेंबर, पेरणीपासून डवरणी-निंदणीपर्यंत, घरात येणारा पैसा जवळपास नसतो आणि जाणारा सगळा बियाण्यात, खतात, फवारणीत जातो. या चार महिन्यांत माझ्याकडे हार्टच्या गोळ्यांची विक्री पडते. अटॅक काही मिरगाला सुट्टीवर जात नाही.

घरात दोघंही पेशंट असतील तर पहिल्यांदा बाईच्या गोळ्या थांबतात. बरेचदा तिचा अटॅकच उशिरा ओळखला गेलेला असतो, चार दिवस 'गॅस झाला' म्हणून ओवा-सोडा देऊन काढलेले. नंतरही तिच्या औषधाला 'पुढच्या चुकाऱ्यावर पाहू' असं होतं. ती स्वतःच तसं म्हणते, म्हणून ते कुणाला खटकतही नाही.

मग ब्रँडचा प्रश्न. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं तेच औषध मी देऊ शकत नाही. औषध नियमावलीतला ६५ वा नियम मला तशी मनाई करतो. नागपूरच्या हॉस्पिटलखालच्या दुकानात मिळणारा ब्रँड घाटंजीत मिळेलच असं नाही. म्हणून पेशंट एक तर रिकाम्या हातानं जातो, नाही तर भलत्याच दुकानात भलतंच घेतो. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य लिहावं, शक्यतो मोठ्या अक्षरांत, असं तुमच्याच वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेत २०१६ पासून आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ते आणखी कडक करू पाहिलं आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. त्या वादात मला पडायचं नाही. ब्रँड लिहायचा तर लिहा, पण खाली कंसात मूळ नाव लिहा. मूळ नाव असलं की पेशंट जनऔषधीच्या दुकानात जाऊ शकतो, सरकारी दवाखान्यात तेच मागू शकतो. ब्रँड आणि जेनेरिकच्या किमतीत काही औषधांत कित्येक पटींचा फरक आहे. माझा गल्ला त्यानं कमी होईल, हे मला कळतं. महिन्यातल्या बाराच दिवसांच्या महाग गोळ्या नेणारं गिऱ्हाईक आणि तिसही दिवस गोळ्या घेऊन जगणारं गिऱ्हाईक यात मला दुसरं परवडतं.

मूळ नाव नसल्याचा आणखी एक घातक परिणाम होतो. वाचता न येणारा माणूस गोळी रंगावरून ओळखतो. गुलाबी बीपीची, पिवळी रक्ताची. ब्रँड बदलला की रंग बदलतो, आणि जुनी पिवळी व नवी पांढरी या एकच आहेत हे त्याला कळत नाही. तो दोन्ही घेतो. शहरातून आलेल्या कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन असतेच, आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेली अ‍ॅस्पिरिन वेगळी. दोन्ही रोज.

वेळेचंही तसंच. कार्डावर सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणानंतर. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे भाकरी बांधून वावरात जाते, पहिलं खाणं होतं ते दहा-अकराला झाडाखाली. गोळ्या घरी डब्यात. दिवसातून दोनदा घ्यायची टिकाग्रेलर अशा घरात नेमकी एकदाच घेतली जाते, आणि ती गोळी दोनदा घेतली तरच पूर्ण काम करते. शिवाय टिकाग्रेलरनं काहींना दम लागल्यासारखं होतं. हा त्या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे. पेशंटला वाटतं हार्ट पुन्हा बिघडलं, आणि तो घाबरून सगळंच टाकून देतो. ज्याला दिवसातून एकदाच गोळी घेणं जमणार आहे त्याला एकदाची क्लोपिडोग्रेल चालेल का, हा विचार सुट्टीच्या दिवशी व्हावा. निर्णय डॉक्टरांचाच, पण 'तुम्ही शेतात किती वाजता जाता, काय खाऊन जाता' हा प्रश्न तरी विचारा.

उपासाबद्दलही कुणी बोलत नाही. श्रावण सोमवार, एकादशी, चतुर्थी, नवरात्र. आमच्याकडची म्हातारी माणसं पाणी पिऊन राहतात आणि गोळीनं उपास मोडतो म्हणून गोळीही घेत नाहीत. शुगरच्या औषधाचा हिशेब उपाशीपोटी वेगळा असतो, तो डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो. पण बाकीच्या हार्टच्या गोळ्या उपासाला चालतात, साबुदाणा किंवा दूध घेऊन घ्या, एवढं वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसानं म्हटलं तर पुरतं. मी म्हटलं तर पुरत नाही, अनुभव आहे.

आणि उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. थंडीत ठरवलेला बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांचा डोस उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की जास्त पडतो. माणूस उठताना चक्कर येऊन पडतो, किडनीवर ताण येतो. त्याला लू लागली म्हणून सलाईन लावतात, गोळ्यांकडे कुणी पाहत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा बीपी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) व पोटॅशियम पाहून डोस पुन्हा ठरवणं, हे विदर्भातल्या पेशंटसाठी वेगळं लिहायला हवं. टिनाच्या घरात खिडकीशी टांगलेल्या पिशवीतल्या गोळ्यांचं दुपारी काय होत असेल, तेही पाहा. पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. माठाजवळच्या कोपऱ्यात, ओल लागणार नाही अशा बंद डब्यात ठेवा, असं मी सांगतो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती अंगदुखीच्या गोळीची. कापूस वेचून, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कंबर मोडते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, किराणा दुकानातसुद्धा पत्त्यातून तोडून मिळतात. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला या गोळ्यांनी दुसऱ्या अटॅकचा धोका वाढतो. रक्त पातळ असताना पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. आयब्युप्रोफेन तर अ‍ॅस्पिरिनच्या कामातच आडवी येते. दुखलं तर पॅरासिटामॉल, एवढंच कार्डावर ठळक अक्षरांत हवं. मी आजवर पाहिलेल्या कार्डांत ते क्वचितच दिसलं. 'तेलकट टाळा' मात्र प्रत्येकावर आहे. तसंच 'धूम्रपान टाळा' असतं आणि त्यात खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) येत नाही असं इथे प्रत्येकाला वाटतं. विडी सोडलेला माणूस माझ्यासमोर खर्ऱ्याची पुडी सोडतो आणि इकोस्प्रिन मागतो. खर्रा, तंबाखू, नस (तपकीर), गुटखा, ही नावं घेऊन लिहा. मोबाईलवर फिरणारा लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरचा काढाही नाव घेऊन लिहा, कारण त्याच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची गोळी सोडणारे कमी नाहीत. दात काढायला किंवा मोतीबिंदूच्या शिबिराला जाण्याआधी रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, आधी फोन करायचा, हेही.

आता विभागाला काही आठवण करून देतो. जे मागतो आहे ते नवं नाही, तुमच्याकडे बरंचसं आधीच आहे.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, तिच्यामुळे आमच्याकडच्या कापूसवाल्याच्या छातीत स्टेंट बसू शकला. हे उपकार कुणी नाकारत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला तोही मोठाच निर्णय होता. पण योजनेची खरी ओळख गावात 'ऑपरेशन फुकट' एवढीच आहे. सुरुवातीपासून योजनेत ९७१ उपचारांच्या बरोबरीनं १२१ पाठपुरावा सेवा होत्या. त्यातली कोणती आपल्या पेशंटला लागू आहे, कोणत्या महिन्यात कोणती तपासणी आणि कोणतं औषध तिच्यात बसतं, हे सुट्टीच्या वेळी हातात दिलेल्या एकाही कागदावर मी पाहिलेलं नाही. माहिती देण्यासाठी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्यानं स्टेंटच्या मंजुरीसाठी जेवढी धावपळ केली, त्याच्या दहाव्या हिश्शात हा कागद भरता येईल.

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी आणि औषध मोफत आहे. ग्रामीण रुग्णालयात असंसर्गजन्य आजारांचा कक्ष आहे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रामिप्रिल ही सगळी औषधं राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत, यातलं एकही दुर्मिळ किंवा नवं नाही. तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची गोळी मिळते, शुगरची मिळते, आणि हार्टच्या पेशंटला 'तिकडूनच आणा' म्हणतात. एखाद्या महिन्यात अटोर्वास्टॅटिन येते ती १० मिलीग्रॅमची. ४० घेणाऱ्यानं काय करायचं? चार घ्यायच्या, असं तोंडी सांगितलं जातं आणि घरी गेल्यावर एकच घेतली जाते.

हे जमणार नाही असं म्हणू नका, कारण विदर्भातच जमलेलं आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत वर्धा आणि भंडारा होते. तिथे काय केलं? सगळ्या केंद्रांत एकच ठरलेली औषधं, ठरलेला डोस, महिनाभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि न आलेल्याला फोन. वर्ध्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातही स्वस्त जेनेरिक औषधं कित्येक वर्षांपासून मिळतात. बीपीसाठी जी साखळी उभी राहिली तिच्यातच अटॅक येऊन गेलेला माणूस का जोडला जात नाही? त्याला तर पुढच्या धोक्याचा शिक्का आधीच लागलेला आहे, त्याला शोधायला घरोघरी जाऊन फॉर्म भरावे लागत नाहीत. टीबीच्या पेशंटनं गोळ्या सोडल्या तर आशाताई दारात येते. स्टेंटवाल्यानं सोडल्या तर कुणाला कळतही नाही.

आशाताईनं हे करावं म्हणतो ते अंदाजानं नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत ८०६ हृदयरुग्णांवर झालेला स्प्रेड नावाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीनंतर वर्षभर प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी भेटी देऊन गोळ्यांची चौकशी केली, आणि औषध नेमानं घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. ते पेशंट मोठ्या रुग्णालयांतून आले होते, तरी फरक पडला. त्याआधी २०११ मध्ये प्युअर या आंतरराष्ट्रीय पाहणीनं दाखवलं होतं की गरीब देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या दर दहा माणसांतली आठ जणं, रक्त पातळ करणारी, बीपीची, कोलेस्टेरॉलची, यातलं एकही औषध घेत नव्हती. मला त्या आठांचे चेहरे ठाऊक आहेत. फक्त आशाताईला या कामाचा वेगळा मोबदला द्या. तिच्या डोक्यावर आधीच पन्नास रजिस्टरं आहेत, एक्कावन्नावं फुकट लादू नका.

तर मागणी अशी. सुट्टीच्या कार्डाला जोडून मराठीत एक पान सक्तीचं करा. त्यावर प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ते कशासाठी, दिवसातून कधी, आणि कुठवर. 'जन्मभर', किंवा 'अमुक महिन्यापर्यंत, नंतर विचारून', किंवा 'पुढच्या इकोनंतर (हार्टच्या सोनोग्राफीनंतर) ठरेल', असं तिन्हीपैकी एक. दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या मुदतीची तारीख चौकटीत, आणि त्या तारखेला काय बंद होणार व काय चालूच राहणार, दोन्ही लिहिलेलं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट कधी घ्यायची (बसून घ्यायची, उभ्यानं घेतली तर माणूस पडतो), पाच मिनिटांत फरक पडला नाही तर १०८ ला फोन करायचा, ताकदीची म्हणून मिळणारी सिल्डेनाफिल तिच्याबरोबर कधीच घ्यायची नाही. शेवटची गोष्ट लाजेपायी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. तपासण्यांच्या तारखाही तिथेच: कोलेस्टेरॉल चार ते बारा आठवड्यांत, रामिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम.

ती औषधं ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्याच डोसमध्ये, तब्येत स्थिर असलेल्या पेशंटला एकदम तीन महिन्यांची द्या. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा साठा पूर्ण आहे की नाही, एवढं तरी तपासा. पूर्वी सरकारी औषधांची खरेदी हाफकिन संस्थेकडून व्हायची, आता वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. गावाला त्यातलं काही ठाऊक नाही, त्याला फक्त 'संपल्या' एवढंच ऐकू येतं.

तज्ज्ञांसाठी एकच विनंती. वर्षाच्या टप्प्यावर पेशंटला नागपूरला बोलवायचं तर त्याची एक दिवसाची मजुरी, सोबतच्या माणसाची मजुरी, दोघांचं एसटीचं भाडं आणि तिथलं खाणं जातं, तेही दोन मिनिटांच्या भेटीसाठी. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे ई-संजीवनी (व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोलायची सरकारी सेवा) आहे. दूरवैद्यकाच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शक नियमांत जुन्या आजाराचं औषध पुढे चालू ठेवण्याची मुभा आहे. आठवड्यातला एक तास ठरवून द्या, त्या तासाला तुमचे जुने पेशंट त्यांच्या उपकेंद्रातून बीपीचा आकडा आणि ईसीजी घेऊन तुमच्यासमोर बसतील. ज्याला बोलवायलाच हवं त्याला बोलवा, तो येईल.

तालुक्यातले आम्ही औषध विक्रेते या पानाच्या नमुन्यावर बसायला तयार आहोत. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य-चंद्राची चित्रं कशी टाकायची, पत्त्यावर मुदतीचं लेबल कुठे लावायचं, हे आम्हाला रोजच्या धंद्यातून कळतं. जिल्हा शल्यचिकित्सकांनी बैठक बोलावली तर यायचं भाडंही मागणार नाही. फक्त ती बैठक सोयाबीन काढणीच्या आधी घ्या. नंतर आशाताईही वावरात असतात आणि आमची दुकानंही दुपारी बंद.

आपला,
घाटंजी तालुक्यातला एक औषध विक्रेता

ता. क. : रुग्ण किंवा त्यांच्या घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर यातलं वाचून एकही गोळी आपल्या मनानं सुरू किंवा बंद करू नका. कार्ड घेऊन जवळच्या सरकारी डॉक्टरांना विचारा, 'यातली कोणती कुठवर?' आणि त्यांनी सांगितलेलं त्याच कार्डावर लिहून घ्या.